मॅक्युलाचा आजार घेऊन मुंबईत राहणारे कोणी आहेत का इथे?

पार्लेकरीण | ७ जुलै, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. हा धागा मी बोलून लिहितेय. मी बोलते, फोन टाइप करतो. तेव्हा ऱ्हस्वदीर्घावरून कोणी माझी शाळा घेऊ नये.

वय ७३, बँकेत कॅशियर होते. दोन्ही डोळ्यांना एएमडी आहे, म्हणजे वयामुळे होणारा मॅक्युलाचा, डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा ऱ्हास. डावीकडे ओला प्रकार, उजवीकडे सुका. पासबुकाच्या रकान्यांच्या उभ्या रेघा मध्येच वाकलेल्या दिसायला लागल्या, तेव्हा तडक डोळे दाखवले. डाव्या डोळ्याला इंजेक्शनं चालू झाली आणि तो अजून बऱ्यापैकी हाताशी आहे.

आजाराची माहिती डॉक्टर देतात. दवाखान्यातून घरी आल्यावर राहायचं कसं, ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

समोर माणूस उभा असतो. त्याच्या शर्टाचा रंग दिसतो, हातातली पिशवी दिसते, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. चेहऱ्याच्या जागी मात्र करडा धब्बा. पायाशी आलेलं मांजर मला चटकन दिसतं, पण ते कोणाचं ते कळत नाही. त्यामुळे माझी नजर गेलीय यावर कोणाचा विश्वासच बसत नाही. रस्त्यानं धडपडत नाही ना, मग दिसत असणार! सोसायटीत तर असं बोलतात की पेन्शन वाढल्यापासून बाई शिष्ट झाली, ओळख देत नाही.

एक युक्ती मला जमली आहे. माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या कानाच्या थोडं बाहेर बघायचं. मग चेहरा कडेच्या नजरेत येतो आणि नाक-डोळे अंधुक का होईना, कळतात. सवयीला वेळ लागतो आणि समोरचा मागे वळून बघतो की ही कोणाकडे बघतेय.

आणि नोटा. आयुष्य नोटा मोजण्यात गेलं, पण आता शंभर की दोनशे ते नजरेनं सांगता येत नाही. बोटांनी मात्र येतं. शंभराच्या दोन्ही कडांना चार उठावदार तिरक्या रेघा असतात. दोनशेला चार रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन वर्तुळं. पाचशेला पाच रेघा. लांबीवर विसंबू नका, शंभराची १४२ मिलिमीटर आणि दोनशेची १४६. मळक्या नोटेच्या रेघा झिजलेल्या असतात. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप आहे, २०२० साली आलेलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेटही लागत नाही. खरी-खोटी मात्र ते सांगत नाही, ते माझी बोटंच सांगतात.

तुम्ही काय काय करता ते लिहा.

---

फास्ट_लोकल | ७ जुलै, दुपारी १२.०५

काकू, उत्तम धागा. वडिलांना आहे. सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

---

पडद्यामागे | ७ जुलै, रात्री १०.२५

मी रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर, याच शहरात. नाव आणि दवाखाना सांगणार नाही, रिपोर्टचे फोटो टाकून मत विचारू नका. सर्वसाधारण माहिती देतो.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला, जेमतेम ५ ते ६ मिलिमीटरचा भाग. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं त्याची. वयाबरोबर त्याच्याखाली ड्रुसेन नावाचे पिवळट साके जमायला लागतात. साधारण ८५ ते ९० टक्के रुग्णांना सुका प्रकार असतो, तो वर्षानुवर्षं सावकाश सरकतो. उरलेल्यांच्या पडद्याखाली नको त्या कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. हा ओला. संख्येनं थोडा, पण नजर झपाट्यानं नेणारा हाच. सुक्याचा ओला कधीही होऊ शकतो, म्हणून सुकं आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

नुसत्या या आजारानं माणूस ठार आंधळा सहसा होत नाही, कडेची नजर राहते. काकूंनी लिहिलंय ते अगदी तसंच असतं. काचबिंदूत उलट, आधी कडेचं जातं. मोतीबिंदू ही पुढच्या भिंगाची गोष्ट, शस्त्रक्रियेनं सुटते. हे तीन आजार एकाच डोळ्यात एकत्र असू शकतात. 'मोतीबिंदू काढला तरी दिसत नाही' अशा तक्रारींमागे बरेचदा पडदा असतो.

ओल्या प्रकारात व्हीईजीएफ नावाचं प्रथिन या रक्तवाहिन्यांना वाढवतं, इंजेक्शन त्याला रोखतं. रॅनिबिझुमॅब अमेरिकेत २००६ साली मंजूर झालं, अफ्लिबरसेप्ट २०११ मध्ये, फॅरिसिमॅब २०२२ मध्ये. त्याआधी आमच्या हातात फारसं काही नव्हतं, लेझरनं पडदा भाजायचा आणि गेलं ते गेलं म्हणायचं. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्याच्या कंपनीनं परवानगी घेतलेली नाही, पण २०११ साली आलेल्या मोठ्या तुलनेत त्याचा नजरेवरचा परिणाम रॅनिबिझुमॅबइतकाच निघाला. किंमत फारच कमी. आपल्याकडे २०१५ पासून रॅनिबिझुमॅबची भारतीय बायोसिमिलरही, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्तीही आहे. कोणतं घ्यायचं हे डॉक्टरांशी पैशांबद्दल मोकळेपणी बोलून ठरवा, त्यात संकोच करू नका.

साधारण पद्धत अशी: आधी दर महिन्याला एक अशी तीन, मग पाझर थांबलेला राहतोय का ते ओसीटी स्कॅनवर (यात पडद्याचे थर दिसतात) बघत अंतर वाढवायचं. रुग्ण नेमका इथेच गळतो. 'आता बरं दिसतंय' म्हणून यायचा थांबतो आणि पुन्हा येतो तेव्हा मध्ये व्रण पडलेला असतो.

---

चुलीजवळ | ८ जुलै, सकाळी ७.५०

डोळ्यात सुई?? वाचूनच घाम फुटला.

---

पार्लेकरीण | ८ जुलै, सकाळी ९.३०

अहो, ऐकायला भयंकर आहे तेवढं करायला नाही. बधिर करणारे थेंब घालतात, बुबुळाभोवती आयोडिनचं औषध सोडतात, पापण्या उघड्या ठेवायला चिमटा लावतात. सुई बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते, समोरून येताना दिसत नाही. काही सेकंदांचं काम. खरा त्रास नंतर संध्याकाळी, त्या आयोडिनमुळे डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. पहिल्या दिवशी काळे बुडबुडे तरंगताना दिसतात ते निघून जातात. मी त्या दिवशी स्वयंपाक करत नाही, सून करते, आणि मी तक्रारही करत नाही. तेवढाच फायदा.

---

पडद्यामागे | ८ जुलै, दुपारी २.१५

काकूंनी आमचं काम हलकं केलं. एवढीच भर: खुपणं एक-दोन दिवसांत कमी होत जायला हवं. उलट दुखणं वाढलं, लाली वाढली, उजेड सोसेना, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, फोन करायचा. आत जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर ताशी हिशोब असतो.

---

तांबडं_फुटलं | ८ जुलै, संध्याकाळी ६.४०

सगळी ॲलोपॅथीची साखळी. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ रोज शिवाजी पार्कवर उगवत्या सूर्याकडे टक लावून बघतात, वय ८०, चष्मा नाही. सूर्य त्राटक करा, सोबत गाजराचा रस. एक पैसा लागत नाही.

---

पडद्यामागे | ८ जुलै, रात्री ११.००

कृपया कोणीही करू नका. सूर्याकडे टक लावल्यानं डोळ्याचं भिंग तो प्रकाश नेमका मॅक्युलावर आणून सोडतं आणि तिथल्या पेशी जळतात. याला सोलर रेटिनोपथी म्हणतात. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्यांना होते ती हीच इजा. ज्यांचा मॅक्युला आधीच अधू आहे त्यांनी तर विचारही नको. गृहस्थांचा चष्मा नाही यात सूर्याचा काही हात नाही.

गाजर खा की, चांगलंच आहे. पण त्यातल्या बीटा-कॅरोटिनचा या आजारात फार उपयोग नाही, पुढे लिहितो.

---

पार्लेकरीण | ९ जुलै, सकाळी ८.००

तांबडं फुटलं, सूर्यनारायणाला माझा नमस्कार, मी तो डोळे मिटून करते. आहे तेवढा मॅक्युला राहू दे.

---

वाचनवेडा | ९ जुलै, सकाळी १०.४५

डॉक्टर, केमिस्टकडे 'डोळ्यांच्या व्हिटॅमिन'च्या ढीगभर गोळ्या आहेत. त्यांचं खरं काय?

---

पडद्यामागे | ९ जुलै, रात्री १०.१०

हा प्रश्न येणारच होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनं 'एरेड्स' नावाचा मोठा अभ्यास केला, निष्कर्ष २००१ साली आले. मध्यम टप्प्यातल्या रुग्णांमध्ये ठराविक जीवनसत्त्वं आणि जस्त घेतल्यानं आजार पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी झाली. दुसरा अभ्यास २०१३ साली आला. त्यात बीटा-कॅरोटिन काढून ल्युटीन आणि झिआझॅन्थिन घातलं, कारण बीटा-कॅरोटिननं सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये आणि पूर्वी ओढलेल्यांमध्येही फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

मात्रा अशा: क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, जस्त ८० मिलिग्रॅम (२५ चालतं असंही दिसलंय), तांबं २, ल्युटीन १०, झिआझॅन्थिन २. बाटलीच्या मागचं वाचा, स्वतःला वाचता येत नसेल तर वाचून घ्या. नावात 'आय' असलं आणि पुढे डोळ्याचं चित्र असलं म्हणून मात्रा जुळतेच असं नाही. ही गोळी मध्यम टप्प्यातल्यांसाठी आहे, किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेला असेल तर दुसरा वाचवायला. निरोगी माणसानं 'होऊ नये म्हणून' घेऊन उपयोग दिसलेला नाही. गेलेली नजर यानं परत येत नाही.

आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सिगारेट-विडी. त्यापुढे गोळी किरकोळ आहे. रक्तदाब ताब्यात ठेवा. जेवणात पालक, मेथी, माठ, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा बलक. पालेभाजीला फोडणीचं तेल असू द्या, ल्युटीन स्निग्धाबरोबर अंगी लागतं. मात्र रक्त पातळ करायला वॉर्फरिन घेत असाल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, आधी विचारा. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खावी. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनं दुसऱ्या अभ्यासात फायदा दिसला नाही, ताटातला मासा मात्र चांगला.

---

चुलीजवळ | १० जुलै, सकाळी ८.२०

डॉक्टर, तारली सांगितलीत खरी, पण मधलं न दिसणाऱ्या माणसानं तिचे काटे काढायचे कसे? आमच्या आत्याला (लालबाग, वय ७९) बोंबील आणि पापलेटच देतो. बांगड्याचे तुकडे मी आधी चिवडून ठेवते.

आत्याच्या स्वयंपाकघरात जे केलंय ते लिहिते. ती अजूनही स्वतः रांधते आणि कोणी मध्ये लुडबुडलं तर ओरडते.

मुख्य गोष्ट रंगांची. ओटा काळ्या कडाप्प्याचा, त्यावर वांगं नि सुरी दोन्ही गायब. म्हणून पांढरा प्लास्टिकचा पाट. कांदा-बटाटा चिरायला मात्र गडद हिरवा. भात स्टीलच्या ताटात दिसत नाही, वर ट्यूबलाइट चकाकते, म्हणून तिला निळी थाळी आणली. पहिले दोन दिवस रुसली, 'मला काय बालवाडीत घातलीय का' म्हणाली. दुधाचा चहा गडद कपात ओतायचा, पांढऱ्यात कुठवर भरला ते कळत नाही.

गॅसच्या बटणावर मंद आचेच्या जागी एम-सीलचा ठिपका लावलाय, बोटाला लागतो. दुधाच्या पातेल्यात खडखडणारी चकती. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम ठरलेला, तो कोणी बदलला की घरात महाभारत. हळद-तिखट तिला रंगावरून कळतं, जिरं-मोहरी चाचपून. तांदूळ निवडणं बंद केलं, गवार-घेवडा मात्र तीच निवडते, आमच्यापेक्षा भरभर.

जिन्यात खूप अंधार. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारायची होती, तर चाळ कमिटीत म्हणे ठराव लागतो. ठराव होईपर्यंत गणपती येतील म्हणून भाच्यानं रात्री मारून टाकली. सकाळी सगळ्या म्हाताऱ्या खूश, कमिटी गप्प.

---

फास्ट_लोकल | १० जुलै, रात्री ९.३५

आता माझं पुराण. विषय मेडिक्लेम.

वडिलांच्या इंजेक्शनचा क्लेम कंपनीनं नाकारला. कारण काय, तर पेशंट २४ तास दाखल नव्हता. अरे, डोळ्यात इंजेक्शन घेऊन २४ तास झोपून काय करणार? एजंट म्हणाला, सोडून द्या साहेब, डोळ्याचं मिळत नाही.

मग वाचत बसलो. आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली, त्यात डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन स्पष्ट लिहिलेलं आहे. यादीतले उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. खर्चाला मर्यादा मात्र घालता येते आणि ती घातलेली असते. तेव्हा तुमच्या पॉलिसीत या इंजेक्शनची सब-लिमिट किती हे आधी बघा.

मी त्या यादीचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. महिनाभरात समाधान झालं नाही की विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. वकील लागत नाही, फी नाही. लोकपालाचं नाव काढल्यावर आमच्या कंपनीला एकदम नियम आठवला आणि मर्यादेपुरते पैसे आले. कंपनीचं नाव विचारू नका, सगळ्या एकाच माळेचे मणी.

ज्यांचं वय ७० किंवा त्याच्या वर आहे त्यांच्यासाठी: ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण तुमचं रुग्णालय त्यात आहे का आणि हे इंजेक्शन त्यांच्या पॅकेजमध्ये बसतं का, हे टेबलावर झोपण्याआधी विचारा.

---

वाचनवेडा | १० जुलै, रात्री १०.२०

'टेबलावर झोपण्याआधी विचारा' +१. नंतर कोणी उत्तर देत नाही.

---

खाडीपलीकडे | ११ जुलै, रात्री १२.४५

लिहू की नको असा विचार करत होतो. कळव्याला राहतो. आई ८१ वर्षांची, दोन्ही डोळे बरेच गेलेत.

गेल्या काही महिन्यांपासून ती संध्याकाळी दिवाणावर बसली की समोरच्या भिंतीकडे बघत हळूच हसायची. विचारलं तर काही नाही म्हणायची. एकदा मी भाचीला उचलून तिथेच खाली ठेवली तर म्हणाली, 'अरे सांभाळ, त्या पोरांवर बसेल.' कोणती पोरं? मग बाहेर आलं. तिला तिथे मुलं दिसतात. जरीच्या टोप्या घातलेली, कमरेएवढी, ओळीनं बसलेली. कधी भिंतभर जाळीची नक्षी दिसते, कधी खिडकीत एक बाई. कोणी बोलत नाही, आवाज नाही. आणि ती पोरं खरी नाहीत हे तिला चांगलं ठाऊक आहे. भाचीला सांभाळ म्हणाली ते तोंडातून सुटलं, असं तीच म्हणाली. आम्ही वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊ म्हणून तिनं हे सगळं पोटात ठेवलं होतं.

नातेवाइकांमध्ये दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो डोक्यावर परिणाम झाला. दुसरा म्हणतो घर बदला किंवा नारळ उतरवून टाका. बायको शांत आहे, पण ती दिवाणाच्या त्या बाजूला बसत नाही आता.

डॉक्टर, हे डोळ्यांशी संबंधित असू शकतं का?

---

पडद्यामागे | ११ जुलै, सकाळी ६.५०

असू शकतं, आणि तुम्ही लिहिलेलं वर्णन अगदी ठराविक आहे. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. बोने हा स्विस निसर्गशास्त्रज्ञ. त्याच्या आजोबांची नजर मोतीबिंदूनं गेली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. बुद्धी तल्लख होती. बोनेनं हे १७६० साली लिहून ठेवलं.

डोळ्यांकडून मेंदूला चित्रं येणं कमी झालं की मेंदू रिकाम्या पडद्यावर आपल्याजवळचंच काहीतरी लावतो, प्रक्षेपण तुटल्यावर दूरदर्शन जुनी चित्रफीत लावून ठेवायचं तसं. टोप्या घातलेली लहान माणसं, जाळ्या, विटांची नक्षी, चेहरे हे प्रकार जगभरचे रुग्ण सांगतात. फक्त दिसतं, ऐकू येत नाही. मंद उजेडात, संध्याकाळी, नुसतं बसलेलं असताना जास्त. आणि माणसाला कळत असतं की हे खरं नाही. तुमच्या आईंना कळतंय, ही मोठी खूण आहे.

दिसायला लागलं की दिवा लावा, उठून दोन पावलं चाला, नजर भराभर डावीकडून उजवीकडे फिरवा, नाहीतर सरळ हात पुढे करा. बऱ्याच जणांचं काळानं कमी होतं. काहींचं राहतं, पण भीती गेली की त्रास राहत नाही.

तरी एकदा फिजिशियनना दाखवाच. आवाज ऐकू येत असतील, दिसतंय ते खरंच आहे असा हट्ट असेल, वेळ-काळाचा गोंधळ होत असेल, नवीन औषध सुरू झालं असेल, तर कारण वेगळं असू शकतं. मी माझ्या रुग्णांना हे स्वतःहून विचारतो. बरेच जण हो म्हणतात आणि मग सुटकेचा श्वास टाकतात.

---

पार्लेकरीण | ११ जुलै, सकाळी ९.१५

खाडीपलीकडे, तुमच्या आईंना सांगा, पार्ल्यात एक बाई आहे तिला भिंतीवर विटा दिसतात. मी हे घरात अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार. नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवते, आईंना बोलायचं असेल तर दुपारी चारनंतर फोन करू दे. नारळ उतरवण्यापेक्षा त्याची चटणी करा.

---

खाडीपलीकडे | ११ जुलै, रात्री ११.३०

काकू, डॉक्टर, खूप आभार. आईला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. बोनेच्या आजोबांचं ऐकून म्हणाली, 'त्यांना पक्षी दिसायचे, मला नुसती कार्टी.' बायको पुन्हा तिथे बसायला लागलीय.

---

वाचनवेडा | १२ जुलै, सकाळी ११.००

वाचनाबद्दल लिहितो, कारण मला स्वतःला सुका प्रकार आहे आणि न वाचता मी राहू शकत नाही.

भिंग घेताना मोठं म्हणजे चांगलं असं नसतं. जितकं मोठं करून दाखवणार तितकं लहान भिंग आणि तितकं जवळ धरावं लागतं. दिवा असलेलं, पानावर टेकवून ठेवायचं भिंग हात थरथरणाऱ्यांना सोयीचं. दुकानातून उचलून आणू नका, लो व्हिजन (कमी दिसणाऱ्यांच्या) तपासणीत ते नजरेप्रमाणे ठरवून देतात. वरळीला नॅब आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासूनची संस्था. आणि सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी केंद्र, तिथे पडद्यावर अक्षर मोठं करणारी यंत्रं, बोलणारी सॉफ्टवेअर हाताळून बघता येतात. 'मी काही आंधळा नाही, अशा ठिकाणी कशाला जाऊ' हे माझ्या मनातही आलं होतं. तिथे कोणी तसं बघत नाही.

दिवा डोक्यावर नको, बाजूनं पानावर पडेल असा. फोनवर अक्षर मोठं, काळ्यावर पांढरं. फारच थकवा आला तर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) चालू करून पेपर ऐकतो. दुपारी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आहेच.

स्टेशनावर इंडिकेटर दिसत नाही तेव्हा फोनचा कॅमेरा त्यावर धरून चिमटीनं मोठा करतो. बसचा नंबर तेवढ्यात सुटतो, म्हणून कंडक्टरला किंवा रांगेतल्याला विचारतो. मुंबईत विचारलं की लोक सांगतात, अर्धे स्वतः चढवून देतात.

---

फास्ट_लोकल | १२ जुलै, दुपारी १.१०

दिव्यांग प्रमाणपत्राचं कोणी केलंय का?

---

वाचनवेडा | १२ जुलै, संध्याकाळी ५.३०

केलंय. २०१६ च्या कायद्यात अल्पदृष्टी हा वेगळा प्रकार आहे. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) सरकारी पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ४० टक्क्यांची रेघ असते. एक डोळा उत्तम असेल तर दुसरा पूर्ण गेला तरी ३० टक्केच धरतात, त्यामुळे तिथे हेलपाटा घालू नका. ४० च्या वर असेल तर जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट मिळते. सकाळी लवकर जा, डबा न्या.

---

तांबडं_फुटलं | १३ जुलै, सकाळी ७.१५

बरं, त्राटक राहू द्या. पण स्टेम सेलनं पडदा नवा होतो अशी जाहिरात आलीय व्हॉट्सॲपवर, ती तरी खरी का?

---

पडद्यामागे | १३ जुलै, रात्री ९.५०

विचारलंत हे बरं केलंत. पैसे भरून घ्यायचा असा सिद्ध उपचार आज नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये याच आजाराच्या तीन बायकांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी सोडल्या, तिघींची बरीचशी नजर गेली. २०१७ साली ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रीतसर संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे सहसा मागत नाहीत. पैसे मागितले की समजायचं.

सुक्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शनं मंजूर झालीत. ती ऱ्हासाचा वेग थोडा कमी करतात, नजर परत आणत नाहीत.

---

मूकवाचक | १४ जुलै, रात्री ११.२०

गेली अनेक वर्षं इथे नुसता वाचतो, पहिलाच प्रतिसाद. वय ६४, मुलुंड. आत्ता हा धागा वाचताना सहज एकेक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्स बघितल्या. डाव्या डोळ्यानं सरळ. उजव्यानं मधल्या दोन-तीन टाइल्सच्या रेघा वाकलेल्या आणि तिथे जरा काळपट. दोन्ही उघडे ठेवले की काहीच कळत नाही. काही दिवसांपासून चष्म्याचा नंबर वाढलाय असं वाटत होतं. गणपतीनंतर दाखवणार होतो.

---

पडद्यामागे | १४ जुलै, रात्री ११.४०

गणपतीनंतर नाही, उद्या. चष्म्याच्या दुकानात नाही, रेटिना बघणाऱ्या डॉक्टरकडे, जिथे ओसीटी आहे अशा ठिकाणी. फोनवरच सांगा की रेघा वाकड्या दिसतायत, नवीन आहे, म्हणजे पुढची तारीख देणार नाहीत. कारण ओलं एएमडीच असेल असं नाही, इतरही असू शकतात, पण थांबण्यासारखं त्यातलं एकही नाही.

बाकीच्यांसाठी: तुम्ही केलंत तेच आम्ही चौकटीच्या कागदावर करून घेतो. ॲम्स्लर ग्रिड म्हणतात, १० सेंटिमीटरचा चौकोन, मध्ये ठिपका. जवळचा चष्मा लावून, हातभरापेक्षा थोडं जवळ धरून, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर चांगला डोळा वाईटाचं झाकतो.

---

मूकवाचक | १५ जुलै, सकाळी ९.०५

दुपारी साडेबाराची वेळ मिळाली. सोबत काय न्यावं?

---

पार्लेकरीण | १५ जुलै, सकाळी ९.२०

जुने चष्म्याचे नंबर, चालू औषधांची यादी, मेडिक्लेमचं कार्ड आणि एक माणूस. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतील, नंतर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही, तेव्हा गाडी स्वतः चालवायची नाही. गॉगल न्या, पाऊस असला तरी. कदाचित हातात सुई टोचून पिवळा रंग सोडतील आणि फोटो काढतील. दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी पिवळीजर्द होते, घाबरू नका. आणि खाऊन जा, तिथे वेळ मोडतो.

---

मूकवाचक | १५ जुलै, सकाळी ९.३२

बायको येतेय सोबत. निघतो.